एकशे एकोणीस कुठे अडलं आहे?

२००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून रशियाला निघालेलं एक पार्सल कागदपत्रं नीट नाहीत म्हणून रशियन कस्टम्सनं परत पाठवलं. एकदा नव्हे, दोनदा. तिसऱ्या खेपेला ते एकदाचं सुटलं, तोवर त्या डब्यानं अटलांटिक महासागर पाच वेळा ओलांडला होता. डब्यात होतं २२ मिलिग्रॅम बर्केलियम. टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या अणुभट्टीत जवळजवळ २५० दिवस न्यूट्रॉनांचा मारा खाऊन ते तयार झालं होतं आणि पुढचे ९० दिवस ते शुद्ध करण्यात गेले होते. त्याचं अर्धायुष्य ३३० दिवसांच्या आसपास. म्हणजे शिक्क्याची वाट पाहत पडलेला माल रोज थोडा थोडा झिजत होता. अखेर तो व्होल्गा नदीकाठच्या दुबना गावी पोहोचला. तिथल्या सायक्लोट्रॉनमधून कॅल्शियमची केंद्रकं सुमारे १५० दिवस त्याच्यावर आदळत राहिली. एवढ्या खटाटोपातून हाती लागले सहा अणू. ११७ क्रमांकाचं मूलद्रव्य ते हेच. ओक रिज ज्या राज्यात आहे त्याच्या सन्मानार्थ त्याचं नाव टेनेसीन ठेवलं.

ही बातमी एप्रिल २०१० मध्ये जाहीर झाली. त्यानंतर आवर्तसारणीत एकाही नव्या क्रमांकाची भर पडलेली नाही. ११३, ११५, ११७ आणि ११८ या चौघांना ३० डिसेंबर २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगानेसन ही नावं पक्की झाली आणि सारणीची सातवी ओळ शेवटच्या घरापर्यंत भरली. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता आता भरगच्च दिसतो. तरी आठवी ओळ असणार, याबद्दल या क्षेत्रात फारशी कुणाला शंका नाही. वाद आहे तो तिथवर पोहोचायचं कसं, याचा.

या विषयावरच्या बातम्यांमध्ये दोन वेगळ्या प्रश्नांची हटकून गल्लत होते. पहिला प्रश्न क्रमांकाचा: ११९, १२० ही घरं कोण आणि कधी भरणार? दुसरा प्रश्न आयुष्याचा: सेकंदाच्या हजाराव्या भागात विरून न जाता मिनिटं, दिवस, वर्षं टिकेल असं अतिजड केंद्रक कधी हाती येईल का? पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळेल, असा सूर बातम्यांत असतो. माझ्या मते तसं होणार नाही. आज चालू असलेले सगळे मोठे प्रयत्न पहिल्या प्रश्नासाठी आहेत. दुसऱ्यासाठी लागणारी साधनं अजून कुणाकडेच नाहीत.

थोडं मागं जायला हवं, कारण या शोधाचा इतिहास घाईघाईनं उरकलेल्या बारशांनी भरलेला आहे. १९३४ साली रोममध्ये एन्रिको फर्मीच्या गटानं युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि ९३ व ९४ क्रमांकाची मूलद्रव्यं मिळाल्याचा समज झाला. त्यांना ऑसोनियम आणि हेस्पेरियम अशी नावंही पडली. इडा नोडाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी शंका काढली की कदाचित युरेनियमचे मोठे तुकडे होत असतील. ती कुणी मनावर घेतली नाही. १९३८ चं नोबेल फर्मींना मिळालं आणि त्याच डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा झालेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं. फर्मींची नवी मूलद्रव्यं युरेनियमची शकलं निघाली. खरं ९३ क्रमांकाचं मूलद्रव्य, नेपच्युनियम, १९४० मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीला मिळालं.

पुढची काही वर्षं न्यूट्रॉनांनीच काम भागलं. केंद्रकानं न्यूट्रॉन गिळायचा, त्यातल्या एखाद्याचं प्रोटॉनमध्ये रूपांतर व्हायचं आणि क्रमांक एकानं वाढायचा. १ नोव्हेंबर १९५२ रोजी एनेवेटॉक बेटांवर फोडलेल्या पहिल्या हायड्रोजन बॉम्बच्या धुळीत ९९ आणि १०० ही दोन मूलद्रव्यं अशीच सापडली. त्यांना आइन्स्टाइनियम आणि फर्मियम म्हणतात. पण इथे ही वाट संपते. फर्मियम-२५८ हे केंद्रक मिलिसेकंद पुरा व्हायच्या आत आपसूक दुभंगतं; पुढचा न्यूट्रॉन गिळायला ते उरतच नाही. म्हणून शंभराच्या पुढे जायचं तर तयार दोन केंद्रकं एकमेकांवर आदळून जोडावी लागतात. १०४ पासून पुढच्यांना अतिजड म्हणायची पद्धत आहे. बर्कली आणि दुबना यांच्यात १०४, १०५ च्या श्रेयावरून आणि नावांवरून जे भांडण जुंपलं ते १९९७ पर्यंत मिटलं नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन तक्त्यात एक नाव आणि रशियन तक्त्यात दुसरं, असा प्रकार होता. त्या भांडणात विज्ञान फारसं नव्हतं, म्हणून पुढे जाऊ.

अडचणीचं मूळ मात्र समजून घेण्यासारखं आहे. केंद्रकात दोन बलांची रस्सीखेच चालते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना बांधून ठेवणारं बल जबर असलं तरी त्याचा पल्ला शेजाऱ्यापुरता. उलट प्रोटॉनांचं आपसातलं विद्युत प्रतिकर्षण केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचतं. केंद्रक वाढत जातं तसं प्रतिकर्षणाचं पारडं जड होतं. केंद्रक म्हणजे विद्युतभारित द्रवाचा थेंब, असं धरून गणित केलं तर १०४ च्या आसपासच थेंब फुटायला हवा; पुढे काही संभवूच नये. प्रत्यक्षात ११८ पर्यंत मजल गेली आहे. याचा अर्थ थेंबाच्या गणितात काहीतरी राहून गेलं आहे.

राहून गेलेली गोष्ट म्हणजे कवचं. इलेक्ट्रॉनांसारखेच प्रोटॉन आणि न्यूट्रॉनही कवचांत बसतात आणि कवच पूर्ण भरलं की केंद्रक जास्त घट्ट होतं. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ हे ते जादुई अंक. मारिया गेपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये त्यांची उकल केली. दोघांना १९६३ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. शिसं-२०८ इतकं टिकाऊ का, तर त्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही कवचं भरलेली. १९६० च्या दशकात सिद्धांतकारांनी हे गणित पुढे नेलं आणि पुढची जोडी ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनांपाशी येईल, असं भाकीत केलं. अल्पजीवी केंद्रकांच्या समुद्रात तिथे एक ‘स्थैर्याचं बेट’ असावं, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. ११४ ऐवजी १२० किंवा १२६ हा खरा अंक असेल, असं म्हणणारीही गणितं आहेत. १८४ वर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. बेटावरचं आयुष्य किती? सुरुवातीची काही गणितं अब्जावधी वर्षांच्या गोष्टी करत होती. आजची खूप नरमली आहेत आणि एकमेकांशी जुळतही नाहीत.

बेट आहे याचा पुरावा काय, तर दुरून दिसणारा किनारा. ११२ क्रमांकाचं कोपर्निसियम घ्या. जर्मनीतल्या डार्मस्टाटला १९९६ मध्ये जे पहिलं कोपर्निसियम मिळालं त्याचा वस्तुमानांक २७७. ते एक मिलिसेकंदही टिकत नाही. दुबनाला पुढे मिळालेलं कोपर्निसियम-२८५ सुमारे अर्धा मिनिट टिकतं. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन फक्त आठ जास्त, आणि आयुष्य हजारो पटींनी वाढलं. १०५ क्रमांकाच्या डुब्नियमचा २६८ हा समस्थानिक तर अर्ध्या दिवसाहून जास्त टिकतो. न्यूट्रॉन वाढवत १८४ कडे सरकलं की आयुष्य वाढतं, ही दिशा पक्की आहे.

पण वाढवायचे तेवढे न्यूट्रॉन आणायचे कुठून? ११४ क्रमांकाच्या फ्लेरोव्हियमचा हिशेब करून पाहा. प्लुटोनियम-२४४ वर कॅल्शियम-४८ आदळलं की ९४ आणि २० मिळून ११४ प्रोटॉन झाले. वस्तुमानांकाची बेरीज २९२. नवं केंद्रक धडकेनं तापलेलं असतं, ते निवताना तीन न्यूट्रॉन बाहेर फेकतं आणि उरतं फ्लेरोव्हियम-२८९. त्यात न्यूट्रॉन १७५. अर्धायुष्य दोन सेकंदांच्या आसपास. १८४ ला अजून नऊ कमी. ही तूट प्रयोगाच्या चुकीनं पडलेली नाही. केंद्रक जितकं जड तितके त्याला दर प्रोटॉनमागे जास्त न्यूट्रॉन लागतात. हलक्या केंद्रकांकडे ते मुळातच कमी असतात. कॅल्शियम-४८ हा तर न्यूट्रॉनांच्या बाबतीत सर्वांत उदार दाता, आणि तरी प्रोटॉनमागे १.४ न्यूट्रॉनच देतो. बेटाच्या मध्यावर लागतात १.६. कुठलीही दोन टिकाऊ केंद्रकं जोडा, बेरीज बेटाच्या अलीकडेच पडते.

आता ११९ आणि १२० साठी हाच हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. जपानचा मार्ग क्युरियम-२४८ वर व्हॅनेडियम-५१ आदळण्याचा: ९६ अधिक २३, म्हणजे ११९. तीन न्यूट्रॉन उडाले तर उरणारं केंद्रक २९६ चं, न्यूट्रॉन १७७. बर्कलीचा मार्ग कॅलिफोर्नियम-२४९ वर टायटॅनियम-५०: ९८ अधिक २२, म्हणजे १२०. इथे तीन न्यूट्रॉन उडाल्यावर उरतात १७६. म्हणजे क्रमांकानं पुढे आणि न्यूट्रॉनांनी जागच्या जागी. ही दोन्ही मूलद्रव्यं मिळाली तरी ती मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांच्या घरातच विरतील, असा अंदाज आहे. आठवी ओळ सुरू होईल, पण बेटावर पाय पडणार नाही.

मग आजवर इतकं जमलं कसं आणि आता अडलं कशावर? दुबनाच्या यूरी ओगानेस्यान यांनी १९७० च्या दशकात शिसं आणि बिस्मथ यांच्यावर मध्यम जड केंद्रकं आदळण्याची पद्धत मांडली. त्यात बनणारं केंद्रक कमी तापतं आणि फुटण्याआधी निवायला त्याला संधी मिळते. कोणती जोडी सर्वांत थंड केंद्रक देईल याचं सैद्धांतिक गणित करणाऱ्यांमध्ये चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचे राज कुमार गुप्ता होते. सँडुलेस्कू आणि ग्रायनर यांच्यासोबतचं त्यांचं काम १९७७ चं आहे. डार्मस्टाटच्या जर्मन गटानं याच पद्धतीनं १९८१ ते १९९६ दरम्यान १०७ ते ११२ ही सहा घरं भरली. पण दर पायरीला यश घटत गेलं आणि ११३ ला पद्धत धापा टाकू लागली.

हे धापा टाकणं म्हणजे काय, ते जपानच्या रिकेन संस्थेतल्या कोसुके मोरिता यांच्या गटानं अनुभवलं. बिस्मथच्या पातळ पत्र्यावर झिंक-७० ची केंद्रकं प्रकाशाच्या एक दशांश वेगानं, सेकंदाला दोन लाख कोटींहून जास्त, अशी सोडायची. पत्रा वितळू नये म्हणून तो चाकावर बसवून फिरता ठेवायचा. २००३ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात पहिला अणू जुलै २००४ मध्ये, दुसरा २००५ मध्ये आणि तिसरा थेट ऑगस्ट २०१२ मध्ये मिळाला. नऊ वर्षांत तीन अणू. मधल्या सात वर्षांत यंत्र चालू, बिल चालू, आणि नोंदवहीत काहीच नाही.

एक अणू ‘मिळाला’ हे कळतं कसं? तो दिसत नाही, त्याचं वजन करता येत नाही. धडकेतून निघालेल्या असंख्य कणांच्या लोंढ्यातून चुंबक आणि विरळ वायू यांच्या साहाय्यानं तो वेगळा काढतात आणि सिलिकॉनच्या शोधकात रुतवतात. तिथे बसल्या जागी तो अल्फा कण बाहेर टाकतो आणि क्रमांकानं दोन पायऱ्या खाली येतो. मग पुन्हा एक अल्फा, पुन्हा दोन पायऱ्या. शोधकाच्या त्याच ठिपक्यावर, ठरावीक ऊर्जेचे, ठरावीक अंतरानं आलेले हे ठोके म्हणजे अणूची जन्मपत्रिका. ती उलटी वाचायची असते: साखळीचा शेवट आधीपासून ओळखीच्या केंद्रकात झाला तर वर चढत मूळ पुरुषाचा क्रमांक ठरतो. मोरितांच्या पहिल्या दोन साखळ्या चार अल्फांनंतर डुब्नियम-२६२ फुटून संपल्या होत्या. तिसरी आणखी दोन पायऱ्या उतरून मेंडेलेव्हियम-२५४ पर्यंत गेली. मधला बोहरियम-२६६ ओळखीचा व्हावा म्हणून त्यांनी तो सोडियम आणि क्युरियम यांच्यापासून वेगळा करून तपासला होता. एवढी तजवीज केली म्हणूनच ११३ चं श्रेय दुबना आणि अमेरिकेतली लिव्हरमोर प्रयोगशाळा यांच्या एकत्रित दाव्याला न मिळता जपानला मिळालं. आशियात शोधलेलं हे पहिलं मूलद्रव्य. १९०८ मध्ये मासाताका ओगावा यांनी ४३ क्रमांकाचं ‘निप्पोनियम’ सापडल्याचं म्हटलं होतं, ते मान्य झालं नाही. त्यांच्या हाती बहुधा ७५ क्रमांकाचं ऱ्हेनियम आलं होतं, हे नंतर उमगलं. निहोनियमनं तो जुना सलही दूर केला.

तजवीज नसली की काय होतं, तेही याच क्षेत्रानं पाहिलं. १९९९ मध्ये बर्कलीनं ११८ मिळाल्याचं जाहीर केलं. डार्मस्टाट आणि रिकेनला तोच प्रयोग करून काही मिळेना. बर्कलीनं स्वतः पुन्हा केला, तरी मिळेना. शेवटी मूळ नोंदी उघडल्या तर जाहीर केलेल्या साखळ्या तिथे नव्हत्याच. दावा मागे घेतला गेला आणि आकडेवारीचं विश्लेषण करणाऱ्या शास्त्रज्ञाला काढून टाकलं. त्यानं आरोप फेटाळले. आज मान्यता द्यायला वर्षानुवर्षं लागतात त्यामागे हा धडा आहे, आणि माझ्या मते तो उशीर योग्यच आहे.

११४ ते ११८ ही घरं दुबनाला भरता आली ती कॅल्शियम-४८ मुळे. २० प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन, दोन्ही जादुई. निसर्गातल्या कॅल्शियममध्ये त्याचा वाटा ०.२ टक्क्यांहूनही कमी, म्हणून तो वेगळा काढणं भयंकर महाग. प्लुटोनियम, अमेरिसियम, क्युरियम, बर्केलियम, कॅलिफोर्नियम असं एकेक लक्ष्य घेत दुबना आणि अमेरिकन भागीदारांनी एकेक क्रमांक गाठला. पण ११९ साठी हाच हिशेब आइन्स्टाइनियम मागतो आणि १२० साठी फर्मियम. प्रयोगाला निदान काही मिलिग्रॅम माल लागतो. आइन्स्टाइनियम जगात मायक्रोग्रॅमांत तयार होतं आणि फर्मियम त्याहून कितीतरी कमी. कॅल्शियमची सद्दी संपली ती इथे. आता लक्ष्य आहे तेच ठेवून मारा जड करावा लागतो: टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम. प्रत्येक वाढीव प्रोटॉनागणिक दोन केंद्रकं पूर्ण एकजीव होण्याआधीच परत विलग होण्याचं प्रमाण वाढतं.

या वाटेवर हात पोळून घेणारे बरेच आहेत. १२० साठी दुबनानं २००७ मध्ये प्लुटोनियमवर लोखंड आदळून पाहिलं. डार्मस्टाटनं युरेनियमवर निकेल आणि २०११ मध्ये क्युरियमवर क्रोमियम. ११९ साठी डार्मस्टाटनं २०१२ मध्ये बर्केलियमवर टायटॅनियम चार महिने सोडलं. कुठेच खात्रीचं काही मिळालं नाही. जर्मन गट त्यानंतर या शर्यतीतून जवळजवळ बाजूलाच झाला.

उरलेल्यांची स्थिती अशी. रिकेन २०१८ पासून व्हॅनेडियमच्या मागे आहे. क्युरियम ओक रिजहून येतं. बर्कलीनं जुलै २०२४ मध्ये एक महत्त्वाची बातमी दिली: प्लुटोनियमवर टायटॅनियम सोडून २२ दिवसांत लिव्हरमोरियमचे, म्हणजे ११६ चे, दोन अणू मिळाले. ११६ तर आधीच माहीत होतं. मग यात विशेष काय? विशेष हे की कॅल्शियमशिवायही ११३ च्या पुढचं केंद्रक बनतं, हे ठामपणे सिद्ध झालं आणि किती वेळ लागतो याचा आकडा हाती आला. टायटॅनियमची वाफ करण्यासाठी भट्टी सुमारे १,६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते आणि तो झोत दिवसचे दिवस स्थिर ठेवावा लागतो. खरी कसोटी तिथेच होती. १२० साठी याच्या दहापट वेळ लागेल, असा त्या गटाचा अंदाज आहे. दुबनानं २०१९ मध्ये खास अतिजड मूलद्रव्यांचा ‘कारखाना’ उभा केला आणि युरेनियमवर क्रोमियम आदळून लिव्हरमोरियम मिळवलं. यंत्रांच्या ताकदीत तो गट सर्वांच्या पुढे आहे. पण २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि ओक रिजचं साहाय्य थांबलं. चीनचा लांझोउ इथला गटही अमेरिसियम आणि क्रोमियमच्या वाटेनं ११९ च्या तयारीत उतरला आहे. जगात मूठभर प्रयोगशाळा, लक्ष्याचा माल बनवणाऱ्या अणुभट्ट्या त्याहून कमी, आणि त्यांच्यामध्ये निर्बंधांची भिंत. ११९ अडलंय त्यात भौतिकशास्त्राइतकाच राजकारणाचाही वाटा आहे.

भारत या शर्यतीत नाही. मात्र केंद्रकं एकजीव का होत नाहीत, हा जो कळीचा प्रश्न आहे, त्यावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) पेलेट्रॉन त्वरकावर आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात बरंच काम होत आलं आहे. नाव होत नाही, पण अशा कामाशिवाय पुढचा झोत किती ऊर्जेचा ठेवावा हेही कळणार नाही.

सारणी शेवटी कुठवर जाईल? इथे प्रयोग संपतो आणि गणितं सुरू होतात. १३७ हा आकडा नेहमी ऐकू येतो. केंद्रक म्हणजे निव्वळ बिंदू असं धरून डिरॅकचं समीकरण सोडवलं तर १३७ च्या पुढे उत्तर निरर्थक होतं. केंद्रकाला प्रत्यक्षात आकार असतो. तो धरला की मर्यादा १७३ च्या आसपास सरकते. फिनलंडच्या पेक्का प्युक्को यांनी २०१० च्या सुमारास १७२ पर्यंतची सारणी गणितानं मांडून दाखवली. तिच्यात १२१ नंतर इलेक्ट्रॉन एका अशा कक्षेत शिरू लागतात जी आजच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्यात वापरात नाही. अर्थात इलेक्ट्रॉनांनी परवानगी दिली म्हणून केंद्रक टिकेलच असं नाही. एखादं केंद्रक मूलद्रव्य म्हणवून घ्यायला निदान सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागाइतकं टिकलं पाहिजे, अशी अट आहे. इलेक्ट्रॉन गोळा व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याहून कमी टिकलं तर ती फक्त धडक.

रसायनशास्त्रज्ञांना मात्र सध्याची घरंही पुरेशी आहेत. इतक्या जड केंद्रकाभोवती आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या हिश्शानं फिरतात आणि सापेक्षतेचे परिणाम रसायनात उतरतात. सोन्याचा पिवळा रंग आणि पाऱ्याचं द्रवरूप हे त्याच परिणामांचे सौम्य नमुने. खाली उतरत गेलं की सारणीच्या स्तंभांवरचा विश्वास डळमळतो. ओगानेसन निष्क्रिय वायूंच्या रांगेत बसतं, पण गणितानुसार सामान्य तापमानाला ते घनरूप असावं आणि त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची कवचं पुसट होऊन एकमेकांत मिसळलेली असावीत. ज्या सारणीचं मर्मच ‘एका स्तंभात एक स्वभाव’ हे आहे, तिच्या शेवटच्या घरातच तो नियम मोडत असेल, तर आठव्या ओळीत काय वाढून ठेवलं असेल! मला स्वतःला ११९ च्या बातमीपेक्षा या प्रश्नाची उत्सुकता जास्त आहे.

निसर्गात अशी मूलद्रव्यं आधीच पडून असतील का, या आशेनं खडक, उल्का, समुद्राचं पाणी, सगळं धुंडाळून झालं आहे. १९७६ मध्ये मादागास्करच्या मोनाझाइट खनिजात ११६ आणि १२६ च्या खुणा दिसल्याचा दावा झाला. तो प्रकार सेरियममुळे होता, असं निघालं. २००८ मध्ये थोरियमच्या नमुन्यात १२२ मिळाल्याचा दावा झाला. तोही टिकला नाही. २०२३ मध्ये पॉलिहिम्निया या लघुग्रहाच्या अफाट घनतेवरून १६४ च्या आसपासच्या धातूंची चर्चा रंगली. घनता सांगितली जात होती दर घन सेंटिमीटरला ७५ ग्रॅम, आणि ऑस्मियमसारख्या अतिघन धातूची आहे २२.६. लघुग्रहाचं वस्तुमान चुकीचं मोजलं गेलं असण्याची शक्यता यात कितीतरी जास्त आहे. उडत्या तबकड्यांचं इंधन म्हणून मोबाइलवर फिरणारं ‘एलिमेंट ११५’ तर सोडूनच द्या. ज्ञात मॉस्कोव्हियम सेकंदभरसुद्धा टिकत नाही.

गंभीरपणे पाहावं अशी जागा एकच: न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींमधून अशी पहिली धडक टिपली गेली आणि तिच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा मिळाल्या. तिथे न्यूट्रॉनांची ददात नाही, म्हणजे आपल्या हिशेबातली तूट तिथे नाही. वाटेतली केंद्रकं आधीच दुभंगत असतील तर मात्र तिथेही बेट गाठलं जात नसेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया वेधशाळा अशा धडका आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे ठरवायला हातभार लावेल आणि दुर्बिणी त्या दिशेला वेळेवर वळतील. प्रयोगशाळेतले पर्याय म्हणजे युरेनियम आणि क्युरियमसारखी दोन महाजड केंद्रकं घासून न्यूट्रॉनांची देवाणघेवाण घडवणं, किंवा न्यूट्रॉनसमृद्ध किरणोत्सारी केंद्रकांचाच झोत वापरणं. दुसऱ्या पर्यायातले झोत आज लागतात त्याच्या कितीतरी पट क्षीण आहेत. दोन्ही पर्याय दीर्घ पल्ल्याचे आणि निधी मागायला अवघड, कारण त्यात नाव ठेवायला नवा क्रमांक मिळत नाही.

या मूलद्रव्यांचा व्यवहारात उपयोग शून्य आहे, हेही सांगून टाकावं. अमेरिसियम धूरशोधकात आणि कॅलिफोर्नियम न्यूट्रॉनांचा स्रोत म्हणून वापरतात; १०४ च्या पुढचं काहीच कशालाही वापरलं जात नाही आणि ११९ ही वापरलं जाणार नाही. केंद्रकातल्या बलांचं आपलं गणित टोकाला नेऊन तपासणं, एवढंच त्याचं काम.

येत्या काही वर्षांत ११९ किंवा १२० मिळाल्याची बातमी केव्हा तरी येईल. ती वाचाल तेव्हा मथळ्यापाशी थांबू नका. अणू किती मिळाले, साखळी ओळखीच्या केंद्रकात संपली का, दुसऱ्या प्रयोगशाळेनं तेच पाहिलं का, हे शोधा. आणि न्यूट्रॉन किती, हा आकडा जरूर पाहा. तो १८४ च्या आत असेल तर सारणीत एक घर वाढलं, इतकाच त्या बातमीचा अर्थ.